मीठ म्हणायची चोरी

पहिला महिना, अमावास्येनंतर

चारचौघांत मला स्वतःला 'अल्पपुण्य' म्हणावं लागतं. अल्पपुण्याला भूक लागली, अल्पपुण्याला सर्दी झाली. लान राज्याच्या धन्याने असंच बोलायचं, रीत आहे. या बांबूच्या पट्ट्यांवर मात्र मी सरळ 'मी' म्हणणार. दरबारचा इतिहासकार वर्षाकाठी माझ्याबद्दल एक ओळ लिहितो, आणि तीही बहुतेक वेळा पावसाबद्दलच असते. तेव्हा माझं मीच लिहायला घेतलंय.

तर आज जेवताना तिंगने विचारलं, "पांढरं वाढू का आणखी?"

तिंग आमची स्वयंपाकीण. तिची आई माझी दाई होती. आम्ही एकाच दुधावर वाढलो, त्यामुळे माझ्यापुढे तिच्या जिभेला हाड नसतं.

"पांढरं काय?" मी म्हटलं.

तिने वाडग्याकडे बोट केलं. "ते."

"त्याला मीठ म्हणतात."

"तुम्ही म्हणा, धनी. तुमचं नाव आहे, तुम्हाला शोभतं."

हो, माझं नाव मीठ. वडिलांनी ठेवलं. मी तीन महिन्यांचा झालो तेव्हा नाव ठेवायच्या दिवशी उपाध्यांनी त्यांना नियम वाचून दाखवला: पोराला डोंगराचं नाव नको, नदीचं नको, रोगाचं नको, गुराचं नको, भांड्याचं नको. कारण धनी मेला की त्याचं नाव राज्यात कुणी तोंडातून काढायचं नाही. गुराचं नाव ठेवलं तर बळी कशाचा देणार? वडिलांनी सगळं मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, मीठ. यादीत मीठ नव्हतं. आणि आमचं राज्य म्हणजे आहे काय, तर एक खारं तळं आणि त्याच्या काठची माणसं. धन्य ते वडील.

त्यांचं स्वतःचं नाव मी इथेही लिहू शकत नाही. पाण्यात डोकं खुपसून बूड वर करतो तो पक्षी. ते गेल्यापासून लानमध्ये त्याला 'डुलती कोंबडी' म्हणतात. चालून जातं. पक्षी काही रोज लागत नाही.

धनी जिवंत असताना त्याचं नाव टाळायची सक्ती नसते, तरी तिंग बिचारी आदराने टाळते. बरं वाटलं. खोकला आहे जरासा, थंडीचा.

पहिला महिना, चंद्र अर्धा

आदर फार झाला. तबेल्यात त्याला 'तळ्यातलं' म्हणतात, कोठारात 'पांढरं', कारकुनांत 'चव'. दरवाज्यावरचा पहारेकरी नुसतंच 'ते हो, ते' म्हणतो. सकाळी सुकं मांस खारवायला 'तळ्यातलं' मागितलं, तर एक शहाणा बादलीभर चिखल घेऊन आला.

शेवटी उपाध्ये फानना बोलावलं. म्हातारे विधी सांगतात, मुहूर्त काढतात आणि कोणत्याही प्रश्नाला आधी उसासा टाकतात. आताही टाकला.

"सराव चाललाय, धनी."

"कसला सराव?"

"अशुभ बोलू नये, पण कधी ना कधी लाकडी लोलकाची घंटा गावातून फिरणारच. 'जुनं नाव सोडा, नवं टाळा' अशी दवंडी होणारच. आणि हा जिन्नस पडला रोजच्या जेवणातला. ऐन वेळी जीभ कशी वळेल? घसरली तर फटके. म्हणून युवराज म्हणाले, आधीपासूनच..."

"उपाध्ये, मी जिवंत आहे."

"हो तर. म्हणूनच त्याला सराव म्हणायचं."

मी त्यांना जायला सांगितलं. जाताना ते म्हणाले की युवराजांचा खर्‍या आदराचा हेतू आहे. मी पाय झाडला तो पायाशी असलेल्या पाण्याच्या भांड्याला लागला.

दोन दिवसांनी

हेंग येऊन गेला. युवराज हेंग, माझा एकुलता एक. इतका बापभक्त मुलगा शोधून सापडायचा नाही, आणि सापडला तर कुणाला तरी देऊन टाकावासा वाटेल. माझ्या खोलीत येताना तो उंबर्‍यापाशी एकदा, मध्यावर एकदा आणि माझ्या पुढ्यात एकदा वाकतो. तोवर माझा निम्मा राग थंड होतो आणि पेजही.

"अरे, मी मरायच्या आधीच लोकांना माझ्या मरणाची तालीम देतोस?"

"आबा," तो म्हणाला, "तुमचं नाव खरकट्या तोंडात गेलेलं मला सोसणार नाही. बाजारात दोन बायका तुमच्या नावावरून घासाघीस करणार? तुमचं नाव कुणी डुकराच्या मांसाला चोळणार? माझ्या राज्यात हे होणार नाही."

'माझ्या राज्यात' म्हणाला. असो.

खरं सांगू? मला ते आवडलं. इथे खोटं कशाला लिहू? मी आयुष्यात काय केलं? लढाई जिंकली नाही. हरलोही नाही, कारण लढायला कुणी बोलावलंच नाही. धरण बांधलं नाही, भिंत बांधली नाही. पण माझ्यामागे लानमधला प्रत्येक माणूस दोन्ही वेळच्या जेवणाला तोंड उघडील, अडखळेल, शब्द गिळेल, आणि त्याला मी आठवेन. उत्तरेच्या बलाढ्य राजांनासुद्धा एवढं मिळत नाही. त्यांना नुसत्या कबरी मिळतात.

हेंगने आणखी सांगितलं की मरणोत्तर पदवी म्हणून माझ्यासाठी 'शांत' ठरवलीय. 'लानचे शांत धनी.' मंत्री राजी आहेत. मी म्हटलं, बघू. पण संध्याकाळी दोनतीनदा पुटपुटून पाहिलं. छान वाटतं कानाला.

पहिला महिना, पौर्णिमा

तिंगचा ओठ सुजून वांग्यासारखा झालाय. विचारलं तर म्हणाली, मधमाशी चावली. या थंडीत! मी हुकूम सोडलाय, वाड्यात पोळं कुठे आहे ते शोधा.

नंतर, वारा फार

पोळं सापडत नाही. कोठाराचं छप्पर उचकटलं. उपाध्ये फान शिडीवरून देखरेख करत होते ते खाली आले, म्हणजे पडलेच. आज तबेल्यातल्या मोतद्दाराला चावली, परवा दळणार्‍या बाईला. कुठली जात आहे कोण जाणे, नेमकी ओठांवरच चावते. हेंगला म्हटलं, तू जरा लक्ष घाल. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "घालतोय, आबा."

सगळं मलाच बघावं लागतं. खोकताना आज थुंकीत लाल आलं. काल वाळकी बोरं खाल्ली होती, त्यांचा रंग असेल.

तिसरा महिना, अमावास्या

लाज गेली. पुरती गेली.

दर वसंतात आम्ही उत्तरेच्या थोरल्या राज्याला मिठाच्या गाड्या पाठवतो. ते आमच्यावर चालून येत नाहीत, आम्ही त्यांना खारट जेवायला घालतो, असा जुना करार. यंदाही गाड्या गेल्या. आज त्यांचा दूत एक गाडी परत घेऊन आला. माझ्यासमोर त्याने पोतं फोडलं.

चुना! शिंपले भाजून केलेला, शुभ्र, बारीक चुना.

"आमच्या स्वामींनी विचारलंय," दूत म्हणाला, "त्यांच्या स्वयंपाक्याने त्यात अख्खं हरीण खारवलं. लानने आम्हाला चुना लावला, याचा अर्थ काय घ्यायचा?"

मी घशाशी आलेला खोकला दाबून माफी मागितली, दुप्पट मीठ कबूल केलं, त्याला दोन दिवस खाऊपिऊ घातलं. सुदैवाने माणूस खाण्याने खूश होणारा निघाला. तो झोपायला गेल्यावर कोठारवाल्याला पुढ्यात आणलं. कोठारवाला दुन, तिंगचा नवरा. साधा, जाडा माणूस. हात जोडून उभा होता.

"दुन, बाबा, असं कसं केलंस?"

"धनी, हुकूम आला, 'पांढरं' भरा. मी विचारलं, कुठलं पांढरं? मुकादम म्हणाला, जास्त बोलू नको, नाव निघालं तर बसेल. कोठारात दोन पांढरी होती. नवी पोती पुढे होती, ती भरली."

"पण कोठारात एवढा चुना आलाच कुठून?"

हेंग छताकडे बघत होता. उपाध्यांनी उसासा टाकला. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. शिंपल्यांचा चुना कबरीत भरतात, ओल लागू नये म्हणून.

म्हणजे माझ्याच कबरीचा चुना मी शेजार्‍यांना जेवायला पाठवला. आणि कबरीची तयारी झालीय हे मला त्यांच्याकडून कळलं! एक माणूस या घरात मला काही सांगेल तर शपथ.

दुसर्‍या दिवशी

नजराण्यात गफलत करणार्‍याचा पाय तोडायचा असा कायदा आहे. हेंगने निवाडा केला: दुनचा डावा पाय. मला विचारलंसुद्धा नाही, वर म्हणाला, "आबा, तुम्हाला त्रास नको."

मी निवाडा रद्द केला. तेवढा धनी मी अजून आहे. हेंगने तीनदा वाकून नापसंती दाखवली. त्याच्यासारखं वाकून भांडणं कुणाला जमत नाही.

वाटलं, तिंग येऊन पाया पडेल. आली, पेज ठेवली, चमचा ठेवला.

"दुनचा पाय वाचला, कळलं ना?" मीच म्हटलं.

"कळलं. उपकार झाले."

"मग तोंड का असं?"

"यंदा तुम्ही आहात," ती म्हणाली आणि भांडी उचलून निघून गेली.

इतकं केलं त्याचं हे फळ. मी तणतणत शू क्वेकडे गेलो. शू क्वे माझी बायको. तिने माझी सगळी तणतण ऐकून घेतली, हातातली सुई काही थांबवली नाही.

"तुम्हाला मधमाश्या सापडल्या का हो?" तिने विचारलं.

"मधमाश्यांचं काय मध्येच?"

"बांबूच्या छडीला पंख फुटत नाहीत, म्हणून विचारलं. जो चुकून मीठ म्हणतो त्याच्या ओठावर एक. हेंगची माणसं स्वयंपाकघरात उभी असतात, तळ्यावर उभी असतात. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्ही तेवढे छप्पर उचकटत बसला होता."

"मला कुणी बोललं का नाही?"

"काय बोलणार? तुमचं नाव घेतलं म्हणून मार बसला, असं तुम्हालाच येऊन सांगायचं?"

मी खाली बसलो.

"आता सरावाच्या वेळी छडी आहे," ती म्हणाली. "घंटा फिरल्यावर फटके, मग पाय. तळ्यावरच्या बाया दिवसभर ज्याच्यात कंबरभर उभ्या असतात त्याचं नाव घ्यायची त्यांना चोरी. दुनला तुम्ही वाचवलंत. तुमच्यामागे कोण वाचवणार?"

"हेंगला समजावतो."

"त्याला समजावणारं माणूस मी अजून जन्माला घातलं नाही."

तिसरा महिना, चंद्र वाढता

उपाध्यांना विचारलं, नाव बदलता येतं का. त्यांना ठसका लागला.

"बाप गेल्यावर मुलाने नाव बदलायचं नसतं, धनी. ज्याने दिलं तोच नाही, तर परत कुणाला करणार? घोर पाप आहे."

"एखाद्याने बदललंच तर?"

"बदललंच तर... पूर्वजांना मंदिरात कळवावं लागेल. पण तसं आजवर कुणी केलं नाही."

"म्हणजे मनाई आहे, पण शिक्षा लिहिलेली नाही."

"असा वेडेपणा कुणी करील हे कुणाला सुचलंच नसेल, म्हणून नाही लिहिली."

यादीत मीठ नव्हतं तसंच हे. नियम लिहिणारी माणसं आणि जगणारी माणसं यांची कधी भेट झालेली दिसत नाही.

हेंगला कुणकुण लागली. आला, वाकला, वाकला, वाकला. मग त्याचे डोळे भरून आले. "आबा, आजोबांनी दिलेलं नाव टाकणार? मग मी तुम्हाला 'शांत' म्हणून कसं पूजू? मंत्री म्हणतात, अशा धन्याला 'चंचल' हीच पदवी द्यावी लागेल. पिढ्यान्‌पिढ्या मंदिरातल्या तुमच्या पाटीवर तेच राहील. माझ्या हाताने मी ते कसं कोरू?"

पोरगं खोटं रडत नव्हतं, तीच तर पंचाईत. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला पटवता येतं. मी म्हटलं, विचार करतो. आणि खरंच केला. 'लानचे चंचल धनी.' साठी उलटलेला, एका जागी बसून राहिलेला माणूस, आणि चंचल. उभ्या आयुष्यात लानच्या वेशीबाहेर मी चारदोनदाच गेलो असेन.

त्यानंतर

विचार करून कंटाळलो. जेवण दिवसेंदिवस अळणी होत चाललंय. वाढताना 'पांढरं' म्हणावं लागू नये म्हणून तिंग हल्ली विचारतच नाही. माणसाने काय अळणी खाऊन मरायचं? मी नाव बदलणार ते एवढ्यासाठीच. दुसरं काही कारण नाही. शू क्वेला हे सांगितलं तर म्हणाली, "हो, हो, पोटासाठीच," आणि कधी नव्हे तो माझा हात धरून बसली. बायकांना कशाचं काय वाटेल.

नवीन नाव कुणालाही कधीही न लागणारं हवं. उपाध्ये दिवसभर शोधत होते. अखेर त्यांनी एक जुनाट शब्द काढला: 'क्वो'. अर्थ, बैलाच्या वशिंडामागचा खळगा. मग गुराचं नाव चालत नाही तर गुराचा खळगा चालतो का, यावर ते स्वतःशीच वाद घालत बसले. मी विचारलं, हा शब्द शेवटचा कुणी वापरला? म्हणाले, माझ्या गुरूंनी, मला पाठ नव्हता म्हणून मारताना. म्हटलं, ठरलं.

तिसरा महिना, पौर्णिमा

झालं एकदाचं.

मंदिराच्या पायर्‍या मला चढवेनात. एकीकडून दुन, दुसरीकडून मोतद्दार, असे धरून नेलं. आत पूर्वजांच्या पाट्या ओळीने. वडिलांच्या पाटीसमोर गुडघे टेकले आणि बोलायचं सगळं विसरलो. उपाध्यांनी पढवलेलं भलंमोठं वाक्य होतं.

मी एवढंच म्हटलं, "बाबा, नाव चांगलं होतं. लोकांना लागतंय, म्हणून देऊन टाकतो. मला आता क्वो म्हणा."

उपाध्यांनी उसासा टाकला. पाटी जागच्या जागी होती. मला वाटलं होतं काहीतरी पडेल, दिवा विझेल. काही झालं नाही. वडील असेच होते, रागावले की गप्प बसायचे. मला रडू आलं ते थकव्याने. बाहेर आल्यावर हेंगने वाकणं विसरून माझं अंगवस्त्र सारखं केलं. त्याला आता 'चंचल' कोरावं लागणार. त्याचंही बरोबर आहे म्हणा.

बाहेर छड्या गोळा करून चुलीत घातल्या. हुकूम माझा होता. रात्रीच्या जेवणाला तिंगने विचारलं, "मीठ कमी आहे का?" आणि माझ्याकडे न बघता चुलीपाशी पोरीवर खेकसायला गेली. आजवर माझं नाव तिने इतकं सहज कधी घेतलं नव्हतं. राग यायला हवा होता. म्हटलं, आणखी घाल. खरं म्हणजे आधीच पुष्कळ होतं.

चौथा महिना

दक्षिणेचा वारा सुटला. अंगात शक्ती नाही, म्हणून आडवाच असतो आणि आडवाच लिहितो, अक्षर वाकडं येतंय. उपाध्ये पूर्वजांना कळवताना चारचौघांत 'धनी क्वो' म्हणतात ते ऐकतो तेव्हा वाटतं हे कुणाबद्दल बोलतायत. माझ्या लक्षातही राहत नाही. दोनदा विचारून घेतलं.

आज पहाटे तळ्यावर पहिलं मीठ धरलं. वारा फिरला की दुधावर साय येते तसं ते पाण्यावर एका रात्रीत येतं, आणि जिला आधी दिसेल ती बाई ओरडते, मग काठाकाठाने सगळ्याच. यंदा त्या मोठ्यांदा ओरडत होत्या. इथपर्यंत, बिछान्यापर्यंत ऐकू येत होतं: मीठ, मीठ रे, मीठ.

मी ओ दिली.

शू क्वे उशाशी बसली होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला नाही बोलवत कुणी. त्या मिठाला हाका मारतायत."

म्हटलं, ठाऊक आहे मला, एवढा काही मी खुळा नाही. मग त्या परत ओरडल्या, आणि मी परत ओ दिली.